नसलेल्या क्लचबद्दल मेव्हण्यांचे आभार

तीर्थस्वरूप दादा यांस,

तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा अजून कुरकुरतो का? वहिनींचा खोकला गेला असेल असं धरून चालतो, कारण मागच्या फोनवर त्या एकदाही न खोकता तुमच्यावर ओरडत होत्या. आम्ही सगळे इथे मजेत आहोत. (ही म्हणते, मजेत लिहू नका, ठीक लिहा, नाहीतर दादाला वाटेल आता यांना कशाचीच गरज नाही.) अक्षराकडे कृपया काणाडोळा करावा. टेबल हलतं, पेन नवं आहे आणि शेजाऱ्यांनी रेडिओ मोठ्याने लावलाय. यातलं कुठलंही कारण धरा, पण पत्र अर्ध्यावर टाकू नका.

पत्रास कारण की तुम्ही पाठवलेली मोटारसायकल पोचली. तुमचे आभार मानायचे आहेत आणि मेव्हण्याचे आभार मानायची मला सवय नाही, त्यामुळे जरा पहिल्यापासून सुरुवात करतो. तुम्हाला निम्मं ठाऊक आहे, तरी ऐकून घ्या. माझं चाव्यांचं दुकान असलं तरी खरा धंदा दुकानात नसतो. माणूस दाराबाहेर, किल्ली दाराआत आणि दूध गॅसवर, अशा वेळी जो लगेच पोचतो तोच खरा चावीवाला. दुसरी गोष्ट अशी की मी डावखुरा. कुलूप डोळ्यांनी उघडत नाही, बोटांनी उघडतं. आत काय हललं ते बोटाला कळावं लागतं, आणि माझं सगळं कळणं डाव्या बोटांत होतं. नेमका अर्धांगाचा झटका आला तो डाव्या हातावर. पाय वाचला, तोंड वाचलं (याबद्दल घरात दोन मतं आहेत), पण हात ओल्या टॉवेलासारखा लोंबायला लागला. माझ्या जुन्या गाडीचा क्लच डाव्या हाताला. तो दाबल्याशिवाय गिअर पडत नाही, आणि मला तर बशीसुद्धा धरता येत नव्हती. म्हणजे कुलपापर्यंत जाता येईना आणि गेलो तरी उघडता येईना.

दुकानात बसून मशीनवर चाव्या कापण्यापुरता उजवा हात होता. तिथवर न्यायचं काम समोरच्या विमेवाल्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं. माणूस देवमाणूस आहे, त्यांच्या मोटारीत गादीसुद्धा मऊ आहे. पण सकाळी सकाळी कर्ता पुरुष गेल्यावर घराचं काय होतं हे ऐकत प्रवास करायचा, आणि तो कर्ता पुरुष आपणच आहोत हे त्यांच्या नजरेवरून ओळखायचं, याला छाती लागते. दुकानाशी उतरवून ते हिला फोन करून सांगत, पोचवलं बरं का. मला पार्सल झाल्यासारखं वाटे. हाताचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक रबरी चेंडू दिला होता, दिवसभर दाबायला. तो मी दाबत नसे. या वयात चेंडू दाबत गल्ल्यावर बसलेल्या माणसाकडून कोण कुलूप घेईल, असा माझा मुद्दा होता. ही म्हणायची, चेंडूला लाजता आणि मोटारीतून उतरवून घेताना लाजत नाही? मी लाजत होतो, दादा. दोन्हीला लाजत होतो.

अशात तुमचा फोन आला. तुम्ही तिकडे परदेशात ज्या टपालाच्या गॅरेजात काम करता, तिथल्या पोस्टमनांच्या जुन्या गाड्या मोडीत निघणार होत्या, आणि त्या गाडीला क्लचचा दांडाच नसतो, कारण डाव्या हातात पत्रं असतात. त्या पोस्टमनांना माझ्यातर्फे नमस्कार सांगा. तिकडच्या रस्त्यांसाठी बनवलेली, तिकडेही दुकानात न मिळणारी आणि इकडे तर कुणी नावही न ऐकलेली गाडी आपल्या मेव्हण्याच्या लुळ्या हाताला नेमकी बसेल, हे तुम्हाला सुचलं. मला एवढंच सुचलं होतं की तुम्ही तिकडे निवांत असाल.

आता पोचली या शब्दामागे काय आहे ते सांगतो. बंदरावर कस्टमच्या साहेबांनी खोका उघडून घेतला, गाडीभोवती फिरले आणि संगणकात तिचं नाव शोधू लागले. नाव निघेना. त्यांचं म्हणणं असं की ही गाडी आपल्या देशात विकली जात नाही. मी म्हटलं, म्हणून तर बाहेरून आणली. ते म्हणाले, विकली जात नाही म्हणून यादीत नाही, आणि यादीत नाही ती गाडी मी सोडू कशी? तोवर ते त्याच गाडीवर बसून चहा पीत होते. मग दिव्याचा झोत रस्त्याच्या उलट्या बाजूला पडतो असं निघालं, तो फिरवून घेतला. मग तिला गाडी म्हणायचं की टपालाचं सामान, यावर दोन टेबलांत वाद झाला. इतके खेटे घालून घेतले की तिथला पहारेकरी मला कर्मचारी समजून सलाम करू लागला. शेवटी कुठल्याशा वरच्या साहेबांनी "इतर" नावाचा रकाना शोधून काढला आणि आमची गाडी इतरांत जमा झाली. आता फक्त शिक्का मारायचा राहिला, आणि शिक्का ज्या खणात होता त्या खणाची किल्ली कुलपात मोडली.

दादा, चावीवाल्याच्या आयुष्यात असा क्षण एकदाच येतो. सगळी कचेरी हातावर हात धरून बसलेली आणि मी समोर, हत्यारांची पिशवी हिच्या खांद्याला. मी रुबाबात पुढे झालो, वाकलो, आणि बोटांना काही कळेना. कुलपात घालायचा आकडा हातातून गळून साहेबांच्या चपलेवर पडला. मी मान वर केली नाही. तुमची बहीण खाली बसली, आकडा उचलला आणि म्हणाली, सांगा. मी सांगत गेलो, डावीकडे, थोडं वर, आता सोड; ती करत गेली, आणि मोडका तुकडा बाहेर येऊन खण उघडला. म्हणजे सरकारी खण तुमच्या बहिणीने फोडला, सरकारच्या परवानगीने. साहेबांनी शिक्का मारला आणि हिच्यासाठी चहा मागवला. परत येताना ती खुशीत होती. मी घरापर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो. राग तिच्यावर नव्हता, हे तिला कळलं असावं, कारण तिने मला तसंच बघू दिलं.

गाडी घरी आली आणि बघ्यांची रीघ लागली. गल्लीतले सगळे मेकॅनिक पाहुण्यांसारखे येऊन चहा पिऊन गेले. प्रत्येकाने खाली वाकून पाहिलं, हं म्हटलं आणि पाना काढायचं टाळलं. विमेवाल्यांनी विचारलं, हिचा विमा कसा उतरवणार? मी म्हटलं, इतरमध्ये. डॉक्टरांनी आधी नाही म्हटलं, मग हात हँडलच्या दांड्यावर ठरतो का ते पाहिलं, आणि मोकळ्या जागेत, कुणीतरी सोबत असताना, हळू, अशा अटींवर हो म्हटलं. मोकळी जागा लाकडाच्या वखारवाल्याने दिली. (त्याच्या गोदामाची चावी मीच करून दिलेली आहे, त्यामुळे तो मला दुखवत नाही.)

आता तुमच्या गाडीची तक्रार ऐका. तिचे गिअर माझ्या जुन्या गाडीच्या उलटे पडतात. पायाने पुढे दाबलं की जुन्या गाडीचा वेग कमी व्हायचा, या गाडीचा वाढतो. फोनवर तुम्ही हे सांगितलं होतं, मी हो हो म्हटलंही होतं, पण पायाला कोण सांगणार? पहिल्याच फेरीला वखारीच्या टोकाला गाडी हळू करायची म्हणून भुशाच्या ढिगात नेऊन घातली. लागलं काही नाही. वखारवाल्याने फक्त एवढंच विचारलं की हे रोज होणार असेल तर ढीग मोठा करू का. शिवाय गाडीला पोस्टमनची इतकी सवय की कुणाच्या फाटकासमोर वेग कमी केला की ती बंदच पडते. उगाच चार घरचे लोक बाहेर येऊन बघतात.

पण खरी गंमत डाव्या हाताची. पायाने गिअर टाकायची वेळ आली की डावा हात क्लच दाबायला जायचा. क्लच नाहीच. तरी जायचा. मनातून हुकूम सुटायचा आणि हात जागेवर थरथरायचा. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, मागून चालणाऱ्या हिच्या लक्षात आलं. ती म्हणाली, बोटं हलताहेत. मी म्हटलं, गाडी हलतेय. दुसऱ्या दिवशी तिने मला बंद गाडीवर बसवलं आणि गिअर टाकायला सांगितलं. बोटं हलली. अगदी थोडी, पण हलली. मी म्हटलं, सवय आहे, जाईल. ती म्हणाली, अजिबात घालवू नका. व्यायामाच्या बाई मुद्दाम वखारीत येऊन बघून गेल्या. चेंडू कुठे आहे असं त्यांनी विचारलं नाही, पण माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यावरून त्यांना ठाऊक असावं. इतके दिवस मला जे करायला सांगत होत्या, ते मी आता प्रत्येक वळणाला आपण होऊन करत होतो, आणि तेही चुकून.

तेव्हापासून मी मन लावून चुकतो आहे. आधी वखारीत, मग आमच्या गल्लीत, मग डॉक्टरांनी मान हलवल्यावर दुकानापर्यंत. जिथे एका गिअरचं काम आहे तिथे चार टाकतो. मागच्यांना वाटतं म्हाताऱ्याला गाडी येत नाही, वाटू दे. विमेवाल्यांच्या मोटारीला हात करून पुढे जातो, तेही हात करतात आणि जरा हिरमुसलेले दिसतात. त्यांना एकदा मागे बसवायचं माझ्या मनात होतं, पण मागे सीट नाही, पत्रांची पेटी आहे. त्या पेटीत आता माझी हत्यारं असतात. रस्त्याने जाताना मला तुमची आठवण येते. मेव्हणा म्हणून आजवर तुमची मी जेवढी थट्टा केली, तेवढी परत घेणं शक्य नाही, कारण त्यातली बरीचशी बरोबर होती. पण माझं घराबाहेर पडणं मला तुम्ही परत दिलंत, हे लिहून ठेवतो. तोंडाने सांगायला गेलो असतो तर तुम्ही फोन खराब आहे म्हणाला असता.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला जपावं.

तुमचा,
(इतरमध्ये जमा झालेला) मेव्हणा

ता. क. मागच्या टायरची ट्यूब पाठवता आली तर बघा. या मापाची इथे कुठेच मिळत नाही. सायकलवाल्याने माप घेतलं, दोनदा घेतलं, आणि मग मलाच विचारलं की तुमचं माप बरोबर आहे का.

ता. क. टेबल हलत नाही आणि रेडिओही बंद आहे. झटका आल्यापासूनची सगळी पत्रं मी सांगितलेली आणि हिने लिहिलेली होती, म्हणून ती तुम्हाला वाचता आली. हे मी स्वतः लिहिलं आहे. डाव्या हाताने. चार दिवस लागले. या हाताचं पहिलं पत्र तुम्हालाच लिहायचं होतं.

ता. क. आता मुद्द्याचं. हाताची मूठ बऱ्यापैकी वळते. तेव्हा तिकडे क्लच असलेली, जरा दमदार, अशीच इथे न मिळणारी एखादी गाडी कुणी मोडीत काढत असेल तर नजर असू द्यावी. घाई नाही. कस्टमचे साहेब आता ओळखीचे झाले आहेत.

*

दादा, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून खाली जागा दिसली तिथे लिहिते. यांचं शेवटचं मनावर घेऊ नकोस. क्लच नाही म्हणून ओढत बसतात. हातात खरा क्लच आला की दोन दिवसांत कंटाळतील आणि चेंडूसारखा कपाटामागे टाकतील. पाठवायचीच असेल तर हीच, अगदी अशीच, आणखी एक पाठव, माझ्यासाठी. दुपारी हे झोपले की मीही वखारीत जाऊन शिकले आहे, आणि भुशात एकदाही गेले नाही.

आणि यांनी तुला एक गोष्ट लिहिलीच नाही. परवा मागच्या गल्लीतल्या आजींचं दार लागलं, नातू आत झोपलेला. मी नेहमीप्रमाणे आकडा घेऊन खाली बसले, तर म्हणाले, सरक. मी सरकले. बराच वेळ लागला. आजी दोनदा विचारून गेल्या. शेवटी आत काहीतरी हललं, ते मलाही ऐकू आलं, पण यांना आधी बोटाला कळलं होतं. मी यांच्या तोंडाकडे बघत होते. दार उघडल्यावर म्हणाले, कुलूप गंजलेलं होतं म्हणून वेळ लागला. कुलूप अगदी नवं होतं, दादा, मागच्याच महिन्यात आपल्या दुकानातून गेलेलं. मी म्हटलं, हो ना, फारच गंजलं होतं.