रेघेच्या अलीकडे

टॅबीताई, तुझ्या तापट धाकट्याचा नमस्कार.

सोमवारी मुष्टियुद्धाच्या तेविसाव्या फेरीत सगळं बदललं. घाबरू नकोस, माझी दोनच बोटं मोडलीत. आईचा खोकला कसा आहे?

कॉलेज सोडण्याआधी मी 'स्क्रॅच' या शब्दाचे अर्थ जमवत होतो: ओरखडा, खाजवणं, घाईचं अक्षर. 'स्क्रॅट' आणि 'क्रॅच' हे दोन जुने शब्द मिसळून तो झाला. इथे मात्र आखाड्याच्या मधल्या रेघेला स्क्रॅच म्हणतात. पडलेल्याने ठरल्या वेळात उठून आपल्या पायांनी तिथवर यायचं, नाहीतर तो हरला.

माझी मार्था ज्याला लग्नाला 'हो' म्हणाली, तो जेबेझ माझ्यासमोर होता. मी पाडल्यावर तो पुन्हा उठून आला. डोळे सुजून मिटलेले. "रेघेवर आलो का रे, कॉलेजवाल्या?"

तो दोन पावलं अलीकडेच होता. वेळ संपली होती; खरं बोललो असतो तर तो हरून झुंज तिथेच संपली असती. पंच घड्याळात बघत होता. मी म्हणालो, "आलास की!" आणि त्याच्या जबड्यावर जीव खाऊन ठोसा हाणला.

आज सकाळी तो गेला. सगळे म्हणतात, झुंज नियमाने झाली. मार्थासुद्धा म्हणाली, "तुझा दोष नाही रे." तेच सोसवत नाही.

दंडाधिकाऱ्यांना खरं सांगायला निघालोय. आईला म्हणावं, पोरगा नीट जेवतो.

दार ओढून घेतो.

तुझा एनॉक