येण्याचं कारण : सुट्टी

रिव्हर एस्टेट, पूर्व किनारा
रविवार, २२ ऑगस्ट २०२१

चि. हरदत्त,

आम्ही इकडे ठीक आहोत. टोरांटोत तू, अंजनी आणि मुली बऱ्या असाल असं धरून चालतो, कारण मला विचारायची सोय तू ठेवलेली नाहीस.

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवून घे. तुझं पार्सल पोचलं. त्यात मिरचीच्या सॉसची बाटली निघाली. बाटलीवर लिहिलंय, 'अस्सल कॅरिबियन चव', आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत, 'कॅनडात तयार'. हरदत्त, ज्या घराच्या परसात मिरचीची सात झाडं आहेत, ज्या घरातली बाई मिरची वाटायला बसली की शेजारच्या कोंबड्या कुंपण ओलांडतात, त्या घरी तू टोरांटोहून मिरची पाठवतोस? या अपराधाला शास्त्रात प्रायश्चित्त काय, ते मी बाबांच्या पोथ्यांत शोधतो आहे. तुझ्या भौजीने सॉस बोटावर घेऊन चाखला. "गोड आहे," एवढंच म्हणाली, आणि बाटली खोकल्याच्या औषधाशेजारी ठेवून दिली.

पार्सल तिच्या नावाने होतं. आतली चिठ्ठीही तिच्याच नावाने. पण रुकमिनला ऐन वेळी चष्मा सापडेना. तो तिच्या डोक्यावर होता. "तुम्हीच वाचा हो," म्हणाली. मी वाचली. 'भौजी, माईच्या बरसीला येतोय. घरी नाही. पश्चिम किनाऱ्यावर हॉटेल घेतलंय. अर्जात 'येण्याचं कारण' या रकान्यात 'सुट्टी' लिहिलं, म्हणजे कुणी कोंडणार नाही. पाहुण्यांनी कुठे जावं याची यादी आली आहे. धबधबा आहे, रमचा कारखाना आहे, माकडांची बाग आहे. आपलं घर नाही. भैयाला विचार, यादी कोण करतं.'

यादी वरून येते. बेटाचा आरोग्य निरीक्षक म्हणून तिच्यावर सही मात्र मीच करतो. माकडांच्या बागेसाठी तर मी स्वतः जाऊन हात धुवायचे नळ मोजून आलो होतो. म्हणजे सुट्टीवर आलेल्या माणसाला आपल्या बेटावर माकडाला भेटता येतं, याची व्यवस्था तुझ्या भावाने चोख केली आहे.

गेल्या सप्टेंबरचं तुला सगळं ठाऊक आहे. तरी मी पुन्हा लिहितो. सरकारी भाषेत ते लिहून झालं, घरच्या भाषेत राहिलं आहे.

माईच्या किडन्या थकल्या असं डॉक्टर म्हणाले त्याच्या चौथ्या दिवशी तू उतरलास. विमानात तुझ्या शेजारी कुणी लाल नाकाचं जोडपं होतं, ते तासाभरात समुद्रात डुंबत होतं. तू इथला, म्हणून तुला बंद पडलेल्या अध्यापक विद्यालयाच्या वसतिगृहात चौदा दिवस. त्यांना तपासणी एक, तुला एक. ताप त्यांना नाही, तुलाही नाही. फरक फक्त रकान्याचा. तिसऱ्या दिवशी तू अनुकंपेचा अर्ज केलास, आईला एक तास भेटू द्या म्हणून. तो माझ्याच टेबलावर आला, कारण येणार तरी दुसरीकडे कुठे. मी शेरा मारला : 'शिफारस नाही. नियम सर्वांना समान.'

बाबा असते तर म्हणाले असते, अरे, नियम शिकलास आणि अपवाद विसरलास? व्याकरणात अपवाद नियमाहून बलवान असतो, हे आपण दोघं ओसरीवर डुलत डुलत पाठ करायचो. तुला झोप यायची, छडी मला बसायची, मी थोरला म्हणून. विलगीकरण हा शब्द ऐकला की मला तो च्वि प्रत्यय आठवतो. जे मुळात तसं नाही, ते तसं करणं. विलग नसलेल्यांना विलग करणं. हा शब्द इतका शब्दशः वागेल असं वाटलं नव्हतं.

अकराव्या दिवशी माई गेली. नदीच्या मुखाशी दहा माणसांची परवानगी होती. मी नऊच नेली. दहावी जागा तुझी म्हणून रिकामी ठेवली, आणि हे कुणालाही सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. तू फोनवर पाहत होतास. रुकमिनचा हात हलत होता, म्हणून तुला बराच वेळ नुसतं आकाश दिसलं असेल. त्याच सकाळी ऑफिसात जाऊन मी पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लग्नाला चाळीस पाहुण्यांची परवानगी दिली होती. कागदात चूक काहीच नव्हती. नवरानवरी सुट्टीवर आलेली होती.

पंधराव्या दिवशी तू फाटकापर्यंत आलास, बॅग खाली न ठेवता उभा राहिलास, आणि म्हणालास, "निरीक्षकसाहेब, मी आत येऊ शकतो का?" मी उत्तर देईपर्यंत तू वळला होतास.

आता शेजारच्या मिस अल्थियाचं. तुझा अर्ज येण्याच्या तीन आठवडे आधी तिचा नवरा गेला. तिची मुलगी जनेल न्यूयॉर्कहून आलेली, तीही त्याच वसतिगृहात. बापाला खांदा द्यायला दोन तास मागत होती. मी नाही म्हटलं. वर्षभर मी स्वतःला समजावत आलो की तुला नाही म्हटलं ते जनेलमुळे. एका घराला नाही आणि स्वतःच्या घराला हो, हे शोभलं नसतं. तुझी चिठ्ठी वाचल्यावर दुसऱ्या दिवशी मी मिस अल्थियाकडे गेलो. ती मागच्या दारी मासे साफ करत होती.

"हरदत्त येतोय," मी म्हटलं. "या वेळी घरी यायची शिफारस करावी म्हणतो. तुमच्या जनेलसाठी केली नव्हती, म्हणून आधी तुम्हाला विचारायला आलो."

"मागच्या वेळी भावासाठी का नाही केलीस?"

"तुमच्यासाठीच. सगळ्यांना सारखं असावं म्हणून."

"सारखं?" तिने मान वर केली. "पलीकडे ती हॉटेलातली माणसं वाळूत नाचत होती, तेव्हा कुठे कडमडलं होतं तुझं सारखं? वरच्यांना हात लावायची हिंमत नाही, म्हणून माझ्या घरावर मारलास तसा एक दगड आपल्याही घरावर मारून घेतलास. झाला न्याय!"

तिने पुढचा मासा उचलला.

"सही केली असतीस ना इन्स्पेक्टर, तर मी तुला महिनाभर शिव्या दिल्या असत्या. भर रस्त्यात. आणि मग एक नीरफणस घेऊन तुझ्या आईच्या उशाशी येऊन बसले असते. तुला शिव्या खायच्या नव्हत्या, एवढंच. माझ्या पोरीला मध्ये आणू नकोस."

निघताना तिने पानात चार मासे बांधून दिले. शिव्या परवडल्या असत्या.

त्यानंतर मी काय केलं ते सांगतो. घरी येण्याचा अर्ज तू केला नाहीस, म्हणून तुझ्या वतीने मीच भरला. भेटीचं ठिकाण, रिव्हर एस्टेट. येण्याचं कारण, आई. खाली शिफारस केली आणि वर पाठवला. मंजुरी माझ्या हातात नाही. आता चौदाचे सात दिवस झाले आहेत, पण घरी परतणाऱ्याला सात आणि सुट्टीवाल्याला शून्य, हे तसंच आहे. तेही बदलावं असं मी सोबत पत्र लिहून कळवलं आहे, बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच. त्याचं ते काय करतील ते करोत. बरसी चौदा सप्टेंबरला आहे.

आणखी एक गोष्ट तुला ठाऊक नाही, ती घरी आलास तरी मला तोंडाने सांगता येणार नाही. तू वसतिगृहातून रोज माईला फोन करायचास. तिला ऐकू फार कमी येत होतं. तू ओरडून सांगायचास, "माई, मी आलोय," आणि ती "हो रे, ये ये," म्हणायची. तुला वाटायचं, तिला कळलं. फोन ठेवला की ती मला विचारायची, "कुठून बोलत होता?" मी सांगायचो, "टोरांटोहून." रोज. अकरा मैलांवर आहे म्हटलं असतं, तर ती म्हणाली असती, "मग आण की त्याला." शेवटच्या दिवशी तिने विचारलं, तिकडे बर्फ पडायला लागला का. मी म्हटलं, अजून नाही.

रुकमिनलाही हे माहीत नाही. तुला वाचून काय वाटेल ते वाटो.

तू बरसीला आला नाहीस तरी ती होईल. पिंड मी ठेवीन, मंत्र मी म्हणेन, लोक जेवून जातील. मला त्याची काळजी नाही. माझं मन दुसरंच काहीतरी खातंय. बावीस वर्षं माईला दवाखान्यात मी नेलं, औषधं मी दिली, आणि ती पडदे धुवायला काढायची ते तू येणार म्हणून. हे मी कधी बोललो नाही. मोठेपणाने गिळलं असं वाटत होतं. पण जनेलच्या अर्जावर 'शिफारस नाही' लिहिताना माझा हात थरथरला होता, दोनदा खाडाखोड झाली, कागद अजून फायलीत आहे. तुझाही परवा काढून पाहिला. त्यावरचं अक्षर सरळ आहे, हरदत्त. हात जरासुद्धा हललेला नाही.

भाऊ म्हणावं की नाही हे तुझ्यावर सोपवून,

देवनारायण