गाडी एकसष्टच देते

४ नोव्हेंबर २०११, शुक्रवार
पेट्रोल परत वाढलं. ऑफिसात सगळे शिव्या देत बसले. मी नाही बसलो. आजपासून गाडीचा ॲव्हरेज शास्त्रशुद्ध पद्धतीने मोजायचा आणि सत्तरच्या वर न्यायचा. न्यायचा म्हणजे न्यायचाच. त्यासाठी ही वही.
पद्धत सोपी आहे. टाकी साडेदहा लिटरची. त्यातले नऊ लिटर संपले की गाडी गचके खाते, मग पेट्रोलचा नॉब ऑनवरून रिझर्व्हवर फिरवायचा, तिथे दीड लिटर शिल्लक असतं. रिझर्व्ह लागेपर्यंतचे किलोमीटर भागिले नऊ. मधे एक थेंब भरायचा नाही. रूट रोजचाच, पनवेल ते द्रोणागिरी आणि परत. मागे बायको, सुमती. तिचं पॅकिंगचं गोडाऊन माझ्या गोडाऊनच्या पुढच्या गेटला आहे.
खलील मेकॅनिक म्हणाला, विनूभाय, आठ वर्षांची गाडी साठ देतेय, शुक्र मान. खलीलला महत्त्वाकांक्षा नाही.

७ नोव्हेंबर, सोमवार
स्पीड पंचेचाळीस. सिग्नलला इंजिन बंद. उतारावर इंजिन बंद.
ब्रिजच्या चढाला सुमतीला उतरून चालायला सांगितलं. बाजूने कंटेनर जात होते, पण कडेकडेने चाललं तर काही होत नाही. वर पोचल्यावर ती तोंडावरची धूळ पुसून मागे बसली. तिला पटलेलं दिसतंय.
हिशेबासाठी तिला वजन विचारलं. म्हणाली, बावीस वर्षं मागे बसवून नेताय, तुम्हाला माहीत नाही? नाही माहीत. बायकांना साधं उत्तर देता येत नाही.

१३ नोव्हेंबर, रविवार
नेऱ्याहून सासूबाईंचा फोन. जावईबापू, नवा तांदूल भरून ठेवलाय, घ्यायला या, पोरीला पन बघीन. दरवर्षी एक पोतं आमच्यासाठी ठेवतात. बाई प्रेमळ, पण वेळ चुकीची. पन्नास किलोचं पोतं आणि नेऱ्याचा खड्ड्यांचा रस्ता! टेस्टचं वाटोळं झालं असतं. पुढच्या रविवारी येतो म्हटलं.
सुमती म्हणाली, मग मी एकटी रिक्षाने जाऊन येते. म्हटलं, दारात गाडी असताना रिक्षा कशाला?

१६ नोव्हेंबर, बुधवार
५४९ ला रिझर्व्ह लागलं. ॲव्हरेज एकसष्ट. ठीक आहे, सुरुवात आहे.
नॉब रिझर्व्हवर फिरवला, पंप गाठला, टाकी गळ्यापर्यंत भरली, मीटरचा आकडा तिथेच हातावर लिहून घेतला. टेस्ट नंबर दोन सुरू. एकही गोष्ट विसरलो नाही.

२० नोव्हेंबर, रविवार
नेरे रद्द. टेस्ट मधे आली. सासूबाईंना खोकला आहे म्हणे. थंडीत होतोच.

२७ नोव्हेंबर, रविवार
टायरमधली हवा कमी असेल तर ॲव्हरेज पडतो. तीन पंपांवर जाऊन चेक केली, तिन्ही ठिकाणचे काटे वेगळे. बारा किलोमीटर झाले, पण कामाचे झाले. सुमती म्हणाली, नेरं दहाच आहे. ती मुद्दाम असं बोलते.

२८ नोव्हेंबर, सोमवार
५७९!! आणि रिझर्व्ह लागलेलं नाही! मागच्या वेळी ५४९ ला लागलं होतं. माझा स्वतःवर विश्वास होता, पण इतका नव्हता. खलीलला फोन केला. त्याने उचलला नाही.

२९ नोव्हेंबर, मंगळवार, संध्या. ६.४०
६३४! रिझर्व्ह नाही! भागिले नऊ, सत्तर पूर्णांक चार. सत्तर ओलांडलं. सुमतीला सांगितलं. तिने चहा दिला. उद्या पेढे आणावेत का?

३० नोव्हेंबर, बुधवार
सासूबाई गेल्या. काल संध्याकाळी.

१ डिसेंबर, गुरुवार
झालं ते नीट लिहून ठेवतो, नाहीतर लोक काहीही बोलतात.
मंगळवारी सात वाजता मेहुण्याचा, महादेवचा, फोन आला. दाजी, आईला दम लागलाय, ताईचा नाव घेतंय, लगेच या. आम्ही लगेच निघालो. मी एक मिनिट घालवलं नाही. वाटेत पंप लागला, तेव्हा सुमती म्हणाली, भरून घ्या. मी म्हटलं, अजून रिझर्व्हसुद्धा लागलेलं नाही, म्हणजे वर दीड लिटर आहे, नेऱ्याला चार वेळा जाऊन येऊ. हे गणित कुणीही तपासावं, बरोबर आहे.
६४१ ला गाडी गचकली. नॉब फिरवायला हात घातला तर तो आधीच रिझर्व्हवर होता. १६ तारखेपासून. पंपावर टाकी भरल्यावर तो परत ऑनवर आणायचा राहिला होता. नॉबवरची अक्षरं पुसलेली आहेत, कंपनीने ती कोरायला हवी होती.
म्हणजे रिझर्व्हचं दीड लिटरही त्यातच संपलं. टाकी कोरडी. मी गाडी आडवी केली, टाकीत फुंकर मारली, परत आडवी केली. कधीकधी चालू होते. वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील. सुमती कडेला उभी होती. मग विटांचा टेम्पो आला, तिने हात केला आणि ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसली. मागे वळून बघितलं नाही.
मी तीन किलोमीटर गाडी ढकलत गेलो. अंगणात माणसं जमली होती. महादेव म्हणाला, ताई आली त्याच्या पंधरा मिनटं आधी आई गेली.
तसंही आम्ही पोचून काय करणार होतो. आम्ही काही डॉक्टर नाही.
६४१ भागिले साडेदहा. एकसष्ट.

१२ डिसेंबर, सोमवार
तेरावं काल झालं. सुमती तिथेच राहिली. कधी येणार विचारलं, तर म्हणाली, बघू. कामावर तिने तसं कळवलंय. हवापालट होईल तिला. टाकी फुल्ल केली. नॉब ऑन. टेस्ट नंबर तीन.

१८ डिसेंबर, रविवार
महादेव टेम्पोतून तांदळाचं पोतं टाकून गेला. म्हणाला, आईनं तुमच्या नावाचा ठेवला व्हता. पाणी पण प्यायला नाही. पोतं दाराआड उभं केलंय. तोंड निळ्या नायलॉनच्या दोऱ्याने शिवलंय. टाके वाकडे आहेत, सासूबाईंना दिसायचं कमी झालं होतं.
मी खिचडी करतो. दुकानातून आणलेल्या तांदळाची.

२४ डिसेंबर, शनिवार
६३९ ला रिझर्व्ह. एकाहत्तर! या वेळी नॉबचा घोळ नाही, खरेखुरे एकाहत्तर. माझी पद्धत बरोबर होती. सुमतीला फोन करून सांगणार होतो, नंबरही लावला. तिने हॅलो म्हटल्यावर तब्येतीची चौकशी केली आणि ठेवला.

२५ डिसेंबर, रविवार
खलीलला एकाहत्तर सांगितला. हातातला पाना खाली न ठेवता म्हणाला, भाभी पाठी नसते ना आता. पन्नास किलो वजन कमी झालं, मग गाडी पळणारच. त्यात तू काय तीर मारलास?
साफ चूक. पद्धतीमुळे वाढलाय. सिद्ध करून दाखवतो.

२६ डिसेंबर, सोमवार
टेस्ट नंबर चार. मागच्या सीटवर तांदळाचं पोतं बांधलं. पोतं पन्नास, वर दोन किलो साखरेची पिशवी, अंदाजे सुमती. आता सत्तरच्या वर आला की खलीलचं तोंड बंद.
संध्याकाळी गोडाऊनमधून निघताना वॉचमनने पोत्याचा गेटपास मागितला. गेटपास मीच लिहितो. स्वतःच्या सहीने स्वतःला लिहून दिला. आता रोज लिहावा लागणार.

३० डिसेंबर, शुक्रवार
ब्रिजच्या चढाला सवयीने गाडी बाजूला घेतली आणि मागे बघून म्हटलं, उतर. एक कंटेनरवाला हॉर्न मारत गेला.

५ जानेवारी २०१२, गुरुवार
५४८ ला रिझर्व्ह. दोनदा भागाकार केला.
एकसष्ट.
म्हणजे पंचेचाळीसचा स्पीड, सिग्नल, उतार, हवा, कशानेही काही झालं नव्हतं. गाडी पहिल्यापासून एकसष्टच देते. सुमती मागे असली की एकसष्ट.

८ जानेवारी, रविवार
सकाळी टाकी फुल्ल केली. नॉब ऑनवर आहे ना, तीनदा बघितलं. पोतं सोडलं नाही, तसंच घेऊन नेऱ्याला गेलो. कशाला नेलं, मला सांगता येणार नाही. मागे काहीतरी असावं असं वाटलं.
सुमती अंगणात वाल सोलत होती. वाळली आहे. उठून आधी पोत्याजवळ आली. निळ्या टाक्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, अजून उघडलं नाही? मी खोटं बोललो नाही. सांगितलं, तुझ्या वजनाचं म्हणून दहा दिवस मागे बांधून फिरवलं. बरोबर एकसष्ट आला. मला वाटलं होतं ती हसेल. पूर्वी हसायची.
ती म्हणाली, तीन रविवार आई ओट्यावर बसून होती. गाडीचा आवाज आला की उठायची, आणि परत बसायची.
मी म्हटलं, सुमती, माझं चुकलं. चल घरी. टेस्ट बंद केली मी, चढाला उतरायचं नाही, काही नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग महादेवला हाक मारली आणि दोघांनी पोतं उतरवून आत नेलं. साखरेची पिशवी तिने माझ्या हातात परत दिली. म्हणाली, निघा तुम्ही, अंधार पडेल. पोतं राहू दे इथे. जाताना गाडी हलकी चालेल.
हलकीच चालली.
तीन किलोमीटरवर, जिथे त्या दिवशी बंद पडली होती, तिथे थांबलो. पेट्रोल भरपूर होतं. एकाहत्तरच्या हिशेबाने सव्वासातशेच्या वर जाईल एवढं. एवढ्या लांब मला कुठे जायचंय? साखरेची पिशवी पोटाशी धरून रस्त्याच्या कडेला बसलो आणि रडलो. बराच वेळ.
गाडी शेजारी चालूच होती. इंजिन बंद करायचं सुचलं नाही.