साडेदहानंतर थकणारे पॅनल

३ मार्च
ग्रामसेवकाने वाडीच्या सोलर पंपाच्या ॲपचा पासवर्ड दिला. म्हणाला, मला नाय जमत, तुमीच बघा सुरेंद्रभाऊ. योग्य हातात आला. शहापुरात इतकी वर्षं टीव्ही दुरुस्त केले, तेही कुणाकडे न शिकता.
ग्राफ पाहिला. सकाळी सुंदर चढतो. साडेदहाला धाडकन खाली, मग संध्याकाळपर्यंत सपाट. ऊन वाढतं आणि पंप झोपतो! पॅनल थकतात, उघड आहे. संकल्प: महिन्याभरात हा ग्राफ डोंगरासारखा गोल करणे.

४ मार्च
पंप चालवणाऱ्या धर्माला विचारलं. म्हणाला, टाकी भरली का बंद पडतो ना दादा. रात्री जेवताना रंजनानेही तेच सांगितलं. मी न विचारता. एकच थाप नोकराच्या आणि बायकोच्या तोंडी, म्हणजे गावभर पसरलेली असणार. 'गैरसमज' या सदरात नोंद केली.

८ मार्च
धर्माकडून सगळे पॅनल पुसून घेतले. मऊ फडकं, साबण नाही, वरून खाली. दोनदा चुकला, पुन्हा पुसायला लावलं. ग्राफ तसाच. म्हणजे पॅनल ठीक, माणूस सदोष.

१२ मार्च
सरपंच रत्नाताईंना रंगीत प्रिंट दाखवल्या. दुपारभर उत्पादन शून्य, पगार मात्र पूर्ण. धर्माला काढलं. मी मानद पंपचालक. 'मानद' हा शब्द मीच सुचवला.
धर्मा बायकापोरांसकट भिवंडीकडे वीटभट्टीवर निघाला. जाताना त्याची बायको म्हणाली, दादा, तुमच्या मोबाइलला भाकर लागत नाय, आमाला लागते. भावनिक मुद्दा. आकडे नव्हते.

१५ मार्च
सापडलं!! टाकीतून एक वायर येते, ती पंपाला बंद पाडते. पॅनल थकतच नव्हते. वायर काढली.
म्हणजे तसा धर्माचा दोष नव्हता. पण इतके दिवस त्याला ही वायर दिसली नाही, हा दोष नाही तर काय?

१६ मार्च
काय तो ग्राफ! गोल, भरदार, सूर्य मावळेपर्यंत. गावच्या ग्रुपवर टाकला. एक अंगठा आला. रंजनाच्या फोनवरून मीच दिला.

२० मार्च
टाकी दिवसभर वाहते म्हणून ओरड. टाकीखाली रंभाचं घर. अंगणात चिखल, चिखलात तिच्याच म्हशी, तरी तक्रार. म्हणाली, दादा, तुमच्या पंपाला मुतायचा रोग झालाय काय? समजावलं, पूर्ण क्षमतेने काम केलं की थोडं सांडतंच. तिला क्षमता हा शब्द कळला नसावा.

२ एप्रिल
पंप सकाळीच थांबला. ॲपवर लाल अक्षरं: विहिरीत पाणी कमी. रंजना म्हणाली, अहो, एकदा विहिरीत डोकावून तरी बघा. डोकावायचं कशाला? सगळं मोबाइलवर दिसतं. मार्चभर ज्या विहिरीने इतकं पाणी दिलं, ती एकाएकी कशी आटेल? सेन्सर खोटा. काढून टाकला. पंप सुरू.

३ एप्रिल, सकाळ
आवाज किंचित खरखरीत. पूर्ण ताकदीने चालतोय.

३ एप्रिल, दुपार
कुणीतरी काहीतरी करपवलंय. वाडीत स्वयंपाकाकडे लक्षच नसतं.

३ एप्रिल, संध्याकाळ
पंप जळाला. पॅनल मात्र उत्तम.

६ एप्रिल
ग्रामसभा. ग्राफ भिंतीला चिकटवला. मार्चचा उपसा फेब्रुवारीच्या दुपटीहून जास्त, हे पट्टी लावून दाखवलं. सगळे पुढे वाकून बघू लागले. वाटलं, पटलं.
मग रंभा उठली. म्हणाली, आमचं मे म्हयन्याचं पाणी या दादानी मार्चमदी माझ्या अंगणात वतलं.
असंबद्ध. तरी टाळ्या तिला.
रत्नाताईंनी विचारलं, धर्माला बोलवायचं का? कुणीतरी सांगितलं, त्याने भट्टीवाल्याची उचल घेतलीय, आता पाऊस पडेपर्यंत सुटका नाय. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ग्राफ सरळ केला.
रत्नाताई म्हणाल्या, मग नवा पंप येईपर्यंत पाणी वर कोण चढवणार? रंभा म्हणाली, पंपचालक हायत ना.
हात वर झाले. रंजनाचाही.

७ एप्रिल
विहिरीच्या तळाची प्रत्यक्ष पाहणी करण्यासाठी पहाटे उतरलो. कमरेला दोर वाडीच्या बायकांनीच बांधला, जरा जास्तच घट्ट. तळाला खडकातून पाणी झिरपतं. ते वाटीने हंड्यात भरायचं, हंडा वर ओढतात, दुसरा सोडतात. पायाखाली बेडूक. गुडघे सोलले.
वर ओरडून विचारलं, मला कधी काढणार? रंभा म्हणाली, रांग संपली का काढतो.
रांग किती मोठी ते इथून दिसत नाही. रंजनाला फोन करून विचारावं म्हटलं.
खाली रेंज नाही.