पावडरीने आणलेला फेस

तीर्थस्वरूप ताई,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कुरकुरायचा थांबला असेल आणि भावोजींचा खोकला गेला असेल, किंवा निदान तुला झोपू देत असेल, अशी आशा करतो. माझी तब्येत उत्तम आहे. (हे वाक्य नुसतं रीत म्हणून लिहिलेलं नाही. त्याला एक डॉक्टर आणि एक प्रयोगशाळा साक्षीला आहेत.)

गेल्या मंगळवारी मी तुला फोन करून 'लहानपणापासून माझं काही चुकलंमाकलं असेल तर पोटात घाल' असं म्हणालो आणि ठेवून दिला. त्यानंतरचे तुझे नऊ फोन मी घेतले नाहीत, कारण आवाज फुटत नव्हता. आता फुटतो आहे, तेव्हा सगळं सांगतो.

त्याचं असं झालं. दीड महिन्यापूर्वी आपल्या फ्रेमच्या दुकानात एका केशकर्तनालयाचा मोठा आरसा फ्रेम करून द्यायचा होता. तो उचलला, आणि दंडांतल्या ताकदीने अर्ध्या वाटेवरच रजा टाकली. आरसा वाचला, कारण तो माझ्या पायावर पडला. पाय बांधताना आपले डॉक्टर म्हणाले की पन्नाशीनंतर स्नायू झिजतात, जेवणात प्रथिनं वाढवा आणि रोज थोडा व्यायाम करा. यातलं 'आणि'च्या अलीकडचं तेवढं मी ऐकलं.

पावडरीच्या दुकानात गेलो. विकणाऱ्याची मान कुठे संपते आणि डोकं कुठे सुरू होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्याने विचारलं, "काका, व्हे घ्यायचंय ना? कॉन्सन्ट्रेट की आयसोलेट?" मी म्हणालो, घरी विचारून सांगतो. मग त्यानेच समजावलं की दूध फाटल्यावर जे पाणी उरतं त्याची ही पावडर. पहिलीत दुधातली साखर थोडी राहते, दुसरी जास्त गाळलेली असते, म्हणून महाग. मी पहिली घेतली, चॉकलेटची. दूध मला लहानपणापासून पचत नाही हे तुला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे, पण एवढ्या मोठ्या काळ्या डब्यावर दंड फुगवलेला माणूस बघून त्यात दूध असेल असं मनात येत नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात एक बाई मुलीच्या पदवीच्या फोटोला फ्रेम निवडत होत्या आणि माझ्या पोटातून असा काही आवाज आला की त्यांनी मागे वळून पाहिलं, कोणी कपाट सरकवतंय का म्हणून. मी हातातली पट्टी उगाच टेबलावर घासली. तिसऱ्या दिवशी त्या डब्याला रामराम ठोकला.

मग वाटाण्याची पावडर आणली. तिने पोटाला काही केलं नाही, पण जिभेवर नुकतीच लिंपलेली भिंत चाटल्यासारखं वाटायचं. शेवटी नाक मुठीत धरून महागडी, गाळलेली व्हे घेतली. ती मानवली! आणि मानवली म्हटल्यावर तुझा भाऊ कसला गप्प बसतो? एक चमचा सांगितला होता तिथे दोन, सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन. (डब्यातला चमचा म्हणजे आपली आमटी वाढायची पळीच समज.)

आणि एका सकाळी कमोडमध्ये फेस दिसला. थोडाथोडका नाही, धुण्याच्या बादलीवर येतो तेवढा. फोनवर 'लघवीत फेस' असं शोधलं. ताई, फोनवर आजार कधी शोधू नकोस. तिथे साध्या शिंकेचीही तिरडी बांधून तयार असते. मूत्रपिंडं गेली, असं मी ठरवूनच टाकलं. घरात कोणाला बोललो नाही. दुकानातल्या अर्धवट फ्रेमांना कोणाची कोणती अशा चिठ्ठ्या लावल्या. तुझ्या भावजयीला गीझरचं बटण कसं बंद करायचं ते शिकवलं, जे ती गेली अकरा वर्षं रोज करते. आणि तुला फोन केला.

बुधवारी ही तिच्या शाळेच्या ऑफिसातून येता येता दुकानात डोकावली. "अहो, या चिठ्ठ्या कसल्या?" मी सांगितलं. तिने शटर ओढलं आणि मला दंडाला धरून प्रयोगशाळेत नेलं. (दंड बराच भरला होता, पण तिचं लक्ष नव्हतं.)

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. माझ्या समजुतीप्रमाणे चांगला रिपोर्ट एकदाच वाचतात.

"सगळं व्यवस्थित आहे," ते म्हणाले.

"मग फेस?"

"तपासणीच्या बाटलीत नव्हता. फक्त घरीच येतो का?"

"फक्त घरीच."

"कमोडमध्ये काही टाकता?"

ही खुर्चीत सावरून बसली. "फ्लशच्या टाकीत ती फेसाची निळी वडी टाकलीय. वास छान येतो."

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. मग मला चांगलंच झापलं. पावडर म्हणजे सोय, औषध नव्हे. धडधाकट माणसाला बेताने चालते, पण पळीने नाही. दोन अंडी, वाटीभर दही, डाळ, मूठभर शेंगदाणे एवढ्याने तुमचं बरंचसं भागेल, उरलंसुरलं एका चमच्यात. "आणि वजनं उचला हो, नुसतं गिळून दंड होत नाहीत."

बाहेर आलो तर ही दवाखान्याच्या पायरीवर बसली आणि रडायलाच लागली. "मीच आणली हो ती वडी," म्हणाली. "काल रात्रभर तुमच्या छातीकडे बघत होते, श्वास चाललाय ना म्हणून." मला एकदम हलकं वाटत होतं. मी म्हटलं, "वास मात्र खरंच छान येतो." मग आम्ही दोघं तिथेच हसत बसलो, आत जाणारे पेशंट आमच्यापासून लांबून जात होते.

असो. मोठ्यांस नमस्कार, छोट्यांस आशीर्वाद, आणि मंगळवारच्या फोनबद्दल कान धरून माफी.

तुझा,
अजून बराच काळ टिकणारा भाऊ

ता. क. नऊ फोन तुझे घेतले नाहीत, पण भावोजींचा एक घेतला. तपासणीसाठी डॉक्टरांनी तुला दिलेली चिठ्ठी सहा महिने तुझ्या पर्समध्ये घडी घालून पडली आहे, हे त्यांनी सांगितलं. त्यांच्यावर रागावू नकोस, बिचारे कुजबुजत बोलत होते.

ता. क. २. उद्या सकाळी दहाची, तुझ्या तपासणीची वेळ मी घेतली आहे. 'बघू', 'पुढच्या महिन्यात', 'मला काय धाड भरलीय' यांपैकी काहीही चालणार नाही. मनातल्या मनात घाबरण्यात काय दिवस जातात ते मी बघून आलो आहे. तू एकटी नको बघूस.

ता. क. ३. पाकिटावर तिकीट नाही म्हणून पोस्टाला नावं ठेवू नकोस. दाराखालून मीच सरकवलं आहे. वाचून झालं असेल तर कडी काढ. पायरीवर बसून पायाला मुंग्या आल्यात.