गुळवेलीचं आवतण

मूल, जिल्हा चांदा
कार्तिक वद्य षष्ठी, १९५६

ती. सौ. अन्नपूर्णाबाईंच्या चरणी धाकट्या भैयाचा दंडवत.

(‘चरणी’ लिहिलं म्हणून हसू नको, बाई. पस्तीस वर्षं पोरांना पत्रलेखन शिकवलं, आता पेन्शनीत गेलो तरी हात आपोआप चरणांकडेच जातो.) आर्वीस भाऊजींची तब्येत कशी आहे? त्यांचा खोकला थंडीत वाढतो, त्यांना दही देऊ नको. इकडे तुझी भावजय रंभा बरी आहे, म्हणजे दिवसभर मला बोलते, त्यावरून बरीच असावी. धानाची कापणी सुरू आहे. या महिन्यात आपण मध्यप्रदेशातून उचलून मुंबई राज्यात ठेवले गेलो, हे तुला कळलंच असेल. मी ही बातमी गोठ्यातल्या गायीला सुद्धा सांगितली, पण ती रवंथ करत राहिली.

पत्रास कारण तुझे गुडघे. भाऊबीजेला तुझ्याऐवजी तुझं कार्ड आलं. गुडघे उठू देत नाहीत, मनानेच ओवाळते, असं तू लिहिलंस. आई गेल्यापासूनचं हे चौथं कार्ड. चारही मी जपून ठेवली आहेत आणि दिवाळी सरताच ओळीनं मांडून पाहिली. पहिल्या वर्षी डावा गुडघा, दुसऱ्या वर्षी उजवा, तिसऱ्या वर्षी दोन्ही, आणि यंदा नुसतं ‘गुडघे’, कोणता ते लिहायचे कष्टही घेतले नाहीस. माझा अर्धा जन्म पोरांचे रजेचे अर्ज वाचण्यात गेला, बाई. पोटदुखी कोणती खरी आणि कोणती गणिताच्या तासाची, हे मला अक्षरावरून कळतं. तरी म्हटलं, साठी उलटली तुझी, दुखतही असतील. आपण औषध आणायचं, म्हणजे महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेला तरी ती येईल. चार वर्षं तू माहेरी पाऊल टाकलं नाहीस, ते आता मला सहन होत नाही. रंभा म्हणाली, “गुडघे बाईचे, आन् पळून राह्यले तुमी.” मी लक्ष दिलं नाही.

गडचिरोलीच्या पलीकडे, धानोऱ्याच्या वाटेवर, लच्छू नावाचा गोंड वैदू आहे. मूलच्या बाजारात तो कधीमधी जडीबुटी घेऊन बसतो, तिथली आमची ओळख. त्यानं घरामागे दोन एकरांत औषधांची वाडी केली आहे असं ऐकून होतो. निघालो. पण कापणीच्या दिवसांत बैलबंडी मिळेल तर शपथ. शेवटी सावलीकडे जाणाऱ्या कोंड्याच्या पोत्यांवर बसायला जागा मिळाली, आणि उतरलो तेव्हा मी नखशिखान्त कोंड्यानं माखलो होतो. तिथून पुढे वैनगंगेला डोंगा. डोंग्यात बसलेल्या मंडळींना मुंबई राज्य म्हणजे काय ते समजावून सांगावं म्हणून मी उभा राहिलो (तुला माझी खोड माहीत आहे, चार माणसं एका जागी बसलेली दिसली की मला वर्ग भरल्यासारखा वाटतो). डोंगा हलला. मला धरलं लोकांनी, पण चष्मा आणि एक चप्पल नदीत गेली. चप्पल हलकी होती, तरंगत गेली. एव्हाना सिरोंच्याला पोचून तेलुगू बोलू लागली असेल. लच्छूच्या दारात मी पोचलो तो असा, एका पायात चप्पल, अंगभर कोंडा, आणि दोन हातांपलीकडचं काय नि अलीकडचं काय, सगळं धुक्यात. त्याच्या बायकोनं, रुखमानं, मला पाहिलं आणि विचारलं, “रोगी तुमीच का?”

वाडी मात्र काय सांगू तुला. बांबूचं कुंपण, कुंपणाला लागून निर्गुडी, पाटाच्या कडेला वेखंड, मधे अडुळसा, शतावरी, आणि आणखी किती तरी झाडं, त्यांची नावं लच्छूनं गोंडीत सांगितली ती माझ्या जिभेवर बसली नाहीत. कुठे पाटी नाही, कुठे आखीव वाफा नाही. ज्या झाडाला सावली आवडते ते सावलीत, ज्याला दगड लागतो त्याच्यापाशी दगड आणून ठेवलेला. दरसाल ठेकेदार कूप, म्हणजे जंगलाचा ठरवून दिलेला पट्टा, तोडतात, तेव्हा तोडीच्या आधी लच्छू जातो आणि एकेक रोप मुळासकट काढून खांद्यावर घेऊन येतो. “जंगल जाऊन राह्यलं मास्तर,” तो म्हणाला, “म्हून पावने घरी आणून ठेवले.” मी पाटाकाठी बसलो. पाणी सोडल्याचा आवाज, मधमाश्या, आणि लांब शेतात कापणी करणाऱ्या बायांचं बोलणं. अर्धा तास मी एक शब्द बोललो नाही, बाई. रंभेला सांगितलं तर तिला खरं वाटेना.

आणि मग निर्गुडीचा वास आला. चष्मा नसला तरी नाक शाबूत होतं. तुला आठवतं का, शाळेमागच्या बोरीवरून मी पडलो होतो, सात वर्षांचा असेन. घोटा भोपळ्याएवढा सुजला. तू मला पाठुंगळी मारून ओढ्यापर्यंत नेलंस, निर्गुडीचा पाला दगडावर ठेचलास, आणि आपल्या नव्या लुगड्याचा काठ टरकावून बांधलास. घरी आईला सांगितलंस की कालवडीनं ढकललं. आईनं काठ पाहिला आणि तुझ्या गालावर एक दिली. ती माझ्या वाट्याची होती. मी दारामागे उभा राहून पाहत होतो आणि गप्प बसलो. मग आईनंच पाल्याचं पाणी तापवून माझा पाय शेकला, आणि तुला जवळ घेऊन बोरं दिली, मला नाही दिली. साठीला टेकलो तरी ती बोरं मला आठवतात. त्या वाडीत बसून मला आईची इतकी आठवण आली की डोळ्यांत पाणी आलं, आणि रुखमाला वाटलं कोंडा गेला असेल, म्हणून तिनं तांब्या आणून दिला.

आता मुद्द्याचं. लच्छूनं विचारून घेतलं आणि म्हणाला, गुळवेलीचा काढा आणि निर्गुडीचा शेक. मी म्हटलं, दे तोडून. तर तो म्हणे असं चालत नाही. त्यांच्यात रीत आहे. आदल्या दिवशी सांजेला वेलीपाशी पिवळे तांदूळ ठेवायचे आणि तिला आवतण द्यायचं, की बाई, उद्या माझ्यासोबत ये. कोणासाठी पाहिजे ते सांगायचं, काय दुखतं ते सांगायचं. आणि ज्याच्यासाठी न्यायचं त्याच्यात नि आपल्यात काही अडलेलं असेल तर तेही सांगायचं. “वेलीले खोटं नोका सांगू,” तो म्हणाला, “खोट्यानं आणली त निस्तं लाकूड.” एकदा आवतण दिलं की सकाळी वेल कापून होईपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही. ही शेवटची अट ऐकून रुखमा माझ्याकडे पाहून पदराआड हसली. माझी कीर्ती तिथवर कशी पोचली देव जाणे.

सांजेला तांदूळ घेऊन मी वाडीत गेलो. पानं पिंपळपानासारखी असतात एवढं पाठ होतं (चौथीच्या पुस्तकात चित्र आहे). तशा पानांचा वेल शोधला, तांदूळ ठेवले, आणि उभा राहून बोलू लागलो. शाळेच्या संमेलनात बोलतो तसंच बोललो. आधी आपल्या घराण्याची माहिती दिली. मग तुझे गुडघे. मग अडलेल्या गोष्टीवर आलो. सांगितलं की आई आजारी असताना मी तुला वेळीच कळवलं होतं, परंतु टपालाला विलंब झाला, त्यातून पावसाचे दिवस, नद्या भरलेल्या, ईश्वरी इच्छेपुढे कोणाचा इलाज, वगैरे. बरंच लांबलं. शेवटी सवयीनं आभारही मानले.

मग जेवायला बसलो, मौन धरून. रुखमानं आंबील वाढली, भात वाढला. मी हात आडवा करून पुरेची खूण केली. ती म्हणाली, पावना लाजून राह्यला, आणि आणखी वाढलं. मी दोन्ही हात आडवे केले, तर लच्छूनंही वाढलं. पान टाकायचं नाही ही आईची शिकवण. त्या दिवशी मी जेवढा जेवलो तेवढा माझ्या लग्नातही जेवलो नव्हतो.

सकाळी कोयता घेऊन लच्छू पुढे, मी मागे. तो कडुनिंबाकडे गेला, मी कुंपणाकडे. तो थांबला. माझ्या पिवळ्या तांदळांकडे पाहिलं, वेलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला विचारता येईना. रुखमा आली आणि तिनंच सांगितलं, “मास्तर, हा त आमचा कंद होय. उकडून खातो आमी.” गुळवेल निंबावर होती, वीस पावलांवर. पिंपळासारखं पान पाहून अख्खं भाषण मी त्यांच्या भाजीला ऐकवलं होतं. मी मान खाली घालून उभा. रुखमा कंदाला माती चढवत सहज म्हणाली, “तसं बरंच झालं. काल तुमी सांगतलं ते मी पाटाकडून ऐकलं. गुळवेलीलेबी तेच सांगान का दुसरं काही?”

दुसरा दिवस मला तिथेच काढावा लागला. मी रुखमाच्या मागे पाणी घालत फिरलो, निर्गुडीचा पाला सुकत घातला. सांजेला तांदूळ घेऊन निंबाखाली गेलो, या वेळी हात लावून साल चाचपून पाहिली, आणि खाली बसलो. काय बोललो ते तुलाही सांगतो, कारण ते आधी तुलाच सांगायला हवं होतं. टपालाला विलंब झाला नव्हता. कार्ड वेळेवर पोचलं होतं. मी आईच्या उशाशी चार दिवस बसलो होतो, वैद्यानं हात टेकले होते, आणि मी तुला लिहिलं, ‘मातोश्रींची प्रकृती किंचित नरम, काळजी नसावी.’ तार करायला निघालो होतो. तारघराच्या पायरीपर्यंत गेलो आणि परत आलो. तारेत खरं लिहावं लागलं असतं, आणि लिहिलं की ते खरं होईल अशी मला भीती वाटली. तू कार्ड वाचून काळजी केली नाहीस. सावकाश आईसाठी शेवेचे लाडू केलेस आणि तिसऱ्या दिवशी आलीस. डबा ओसरीवर ठेवलास आणि रिकाम्या खाटेकडे पाहत राहिलीस. मला एक शब्द बोलली नाहीस. बोलली असतीस, मारलं असतंस, तर बरं झालं असतं. मी चुकलो, बाई. आईचं शेवटचं तोंड पाहायचं तुझं राहून गेलं ते माझ्यामुळे. एवढंच मी त्या वेलीला सांगितलं. आवतणाला किती वेळ लागला विचारशील तर पान खायला लागतो तेवढा.

सकाळी वेल कापली. लच्छूनं तुकडे मोजले नाहीत, ओंजळीनं दिले. मी मोबदला विचारला तर म्हणाला, बाई चालली की सांगा.

भाऊजींना नमस्कार. पोरांना आशीर्वाद.

तुझा धाकटा,
भैया

ता. क. एक सांगायचं राहिलं. लच्छूचं म्हणणं असं की हे औषध रोग्यानं मूलला येऊन आमच्या हातून घ्यावं लागतं, पोष्टानं पाठवलं तर गुण येत नाही. तेव्हा पुलगावहून नागपूर आणि नागपूरहून छोट्या गाडीनं तू निघून ये. मी स्टेशनावर बंडी घेऊन उभा राहीन.

आणखी ता. क. वरचा ता. क. रंभेला वाचून दाखवला. ती म्हणाली, “वेलीले खरं सांगून आले, आन् बहिणीले पुन्हा खोटं?” बरोबर आहे. लच्छू असं काही म्हणाला नाही. औषध पोष्टानं जातं. सोबतच्या पार्सलात गुळवेलीचे तुकडे आहेत, चार पेले पाण्यात एक पेला उरेपर्यंत उकळायचे. निर्गुडीचा पाला वेगळ्या फडक्यात बांधला आहे, रात्री शेकायचा. गुडघे दुखत असोत की नसोत, पाला उघडून एकदा हुंगून बघ.

शेवटचा ता. क. लच्छू काल बाजारात भेटला. पहिला प्रश्न, “बाई काय म्हंते?” मी म्हटलं, पत्र लिहितो आहे. भेटेल तेव्हा तो विचारणार, आणि मला त्याला काही तरी सांगावं लागणार. तू मला माफ केलंस की नाही, तेवढं सांग. पण बाई, ते कार्डावर लिहून पाठवू नको. नाही म्हणायचं असलं तरी इथे येऊन, तोंडावर म्हण.