बाबांच्या गाडीतला पलंग

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तो वाकून केला आहे असं समजून घे (सध्या कंबर धरली आहे, त्याला कारण एक कोंबडी, ते पुढे येईलच). तुझा ऑपरेशनचा गुडघा आता किती वाकतो ते कळव. भाऊजींना सांग, तुझ्या वाटचे जिने ते चढतात-उतरतात हे ऐकून आईला त्यांच्याबद्दल फार कौतुक वाटलं, आणि ते ती शेजारीपाजारी सांगत सुटली आहे. आई खुशाल आहे. फोन करायचा सोडून पत्र लिहितोय, कारण फोन उचलल्या उचलल्या तू "निघालात का?" एवढंच विचारतेस आणि त्याचं माझं उत्तर एका दमात संपत नाही. पत्रात तुला मधे बोलता येत नाही, ही पत्राची मोठीच सोय आहे.

आधी चूक कबूल करतो. तुला घराबाहेर पडता येत नाही, आईला पाठीमुळे अर्ध्या तासाच्या वर बसवत नाही, आणि तुम्हा दोघींची दोन वर्षं गाठ नाही. प्रवास आडवं पडूनच करायचा असं डॉक्टरांनी सांगितल्यावर, "त्यात काय, बाबांची गाडी आहे की, आत पलंग आहे, महिन्याभरात आईला तुझ्या दारात आणून उभी करतो," असं छातीठोकपणे म्हणालो तो मीच. त्याला परवा आठ महिने झाले. तू रागावलीस ते बरोबरच आहे. पण ताई, बोलणारा मी गाडीच्या आत डोकावून बोललो नव्हतो, हे तूही लक्षात घे.

इंजिन ठणठणीत निघालं. बाबांचं सगळं लक्ष तिथेच असायचं, आणि छत मात्र गळत होतं. पलंगाच्या फळीला हात लावला तर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा तुकडा हातात आला. घडीचं टेबल फुगलं होतं, कपाटांची दारं सोलली होती, आणि त्या दारांचे ते गोल दाबायचे खटके, ज्यांच्याशी खेळतो म्हणून लहानपणी आपण मार खाल्ला, त्या अकरांपैकी एकही शिल्लक नव्हता. गाडी बनवणारी कंपनी कधीच बंद पडली आहे. मी भंगारवाल्यांकडे गेलो, जुन्या गाड्यांच्या दुकानांत गेलो, तिथे सगळ्यांनी मला बसवून घेतलं, पाणी दिलं आणि नाही म्हणून सांगितलं.

शेवटी कळलं की गावाबाहेर एका कोंबड्या पाळणाऱ्या बाईंकडे अगदी आपल्यासारखीच गाडी आहे. होती, पण तिचं खुराडं झालं होतं. कपाटं शाबूत, खटके शाबूत. मला भरून आलं. बाई म्हणाल्या, काय हवं ते न्या, फक्त डावीकडच्या वरच्या कपाटाला हात लावू नका, त्यात माझी सगळ्यात गुणी कोंबडी बसते. आता आपलं नशीब तू जाणतेसच, आठ खटके त्या एका कपाटातच कुणीतरी पूर्वी काढून ठेवले होते. कोंबडी उठण्याची वाट पाहत मी त्या गाडीत अडीच तास उकिडवा बसलो. (एकतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली, वर्गातली वांड कार्टी एका नजरेत गप्प केली, पण ती कोंबडी माझ्याकडे बघून जरासुद्धा बिचकली नाही.) शेवटी दारांवर उरलेले तेवढे तीन खटके हाती लागले, हाताला चोच लागली आणि कंबर गेली ती गेलीच.

मग मी सुतारकाकांना गाठलं. तेच, ज्यांनी आपल्या घराची दारं केली होती. त्यांनी खटके बघितले आणि बाजूला ठेवले. त्यांचं म्हणणं, काम पाणसळीत, म्हणजे अगदी समपातळीत, असलं की दाराला खटका लागत नाही, दार आपल्या जागी राहतं. मला हे तत्त्वज्ञान फार पटलं. पहिल्याच दिवशी त्यांनी गाडीत पाणसळ ठेवली, तर तिच्या नळीतला बुडबुडा पळत एका टोकाला गेला. काका म्हणाले, गाडीचा तळ बसलाय, जुन्या गाड्यांचं असं होतं. मीही गुडघे टेकून तो बुडबुडा न्याहाळला आणि मोठ्या जाणकाराच्या थाटात मान हलवली. त्यानंतर पाच आठवडे आम्ही दोघं तो बसलेला तळ दुरुस्त करत होतो. पलंगाच्या मागच्या पायांखाली पाचरी मारल्या, ओटा उचलला, कपाटं तासून बसवली, टेबलाचा पाय कापला. आई अधूनमधून दारात खुर्ची टाकून बसायची आणि बाबांनी काय कुठे ठेवलं होतं ते सांगायची. काम झालं तेव्हा टेबलावर काठोकाठ भरलेला पेला ठेवला, तर पाणी ढिम्म हललं नाही. आई पलंगावर आडवी झाली, हाताने कड चाचपली, म्हणाली, हाच तो. ताई, मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

रविवारी सकाळी रंगीत तालीम म्हणून आम्ही तिघं मोठ्या मैदानावर गेलो. सपाट, ऐसपैस जागा. गाडी थांबवली, काकांनी थर्मासमधून चहा ओतला. आधी कपाटाचं एक दार हळूच उघडलं. मग दुसरं. मग सगळीच. डबे आले, पातेलं आलं, चहाचा पेला टेबलावरून शिस्तीत चालत काकांच्या मांडीत गेला. आईची उशी आधी सरकली आणि मागोमाग आई, ती थेट माझ्या सीटच्या पाठीला डोकं टेकेपर्यंत. काकांनी मांडी न पुसताच पाणसळ काढली. गाडीतल्या टेबलावर ठेवली, बुडबुडा पळाला. खाली उतरून मैदानावर ठेवली, बुडबुडा मधोमध.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमची गल्ली चढावर आहे."

एकतीस वर्षं त्या गल्लीतून मी रोज सायकल ढकलत वर आणली आहे, ताई. धापा टाकत. भूमितीची पुस्तकं कॅरियरला लावून. आता आपली गाडी जगात एकाच ठिकाणी सरळ आहे, ते म्हणजे आपल्या दारात.

काका तीन दिवस घराबाहेर पडले नाहीत. चौथ्या दिवशी आले आणि म्हणाले, सगळं उखडून पुन्हा करतो, दोन महिने द्या. मी हो म्हणणार तेवढ्यात आई खुर्चीतून उठली.

"तिरकी तर तिरकी. माझी लेक वाट बघतेय. गुरुवारी निघायचं."

तिच्यापुढे कुणाची काय टाप. तिने कपाटांच्या सगळ्या दारांना नाड्या शिवल्या आहेत, आणि झोपायची दिशा उलटी केली आहे, म्हणजे आता पाय सरकतील, डोकं नाही. तेव्हा गुरुवारी दुपारपर्यंत पोचतो. आईला तुझ्या हवाली करून मी त्याच पावली परत फिरेन, इकडे कामं बरीच खोळंबली आहेत.

तुझा,
धाकटा

ता. क. तुमच्या फाटकापुढे चढ आहे का? नसल्यास भाऊजींना सांगून चार विटा काढून ठेव, प्रत्येक पुढच्या चाकाखाली दोन. आईला दुपारी गाडीतच पडायचं आहे.

ता. क. २. आईने चार महिन्यांचे कपडे भरले आहेत. मला सांगितलेलं नाही, पण पेटी मीच उचलली.

ता. क. ३. काल आई सहज म्हणाली, गल्लीचा चढ तिला पहिल्या दिवसापासून दिसत होता. दारातल्या तिच्या खुर्चीच्या पायाखाली रोज एक पुस्तक असतं (माझंच, इयत्ता नववी). मी चिडून विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, "शाळेची नोकरी सुटल्यापासून तू पहिल्यांदा शीळ घालत होतास."

ता. क. ४. वर खोळंबलेल्या कामांचं लिहिलं आहे ते खोटं आहे. कामं काही नाहीत. आई तुझ्याकडे गेल्यावर या घरात मी एकटा काय करणार, हे मला आठ महिने सुचत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अकरा खटक्यांचा हट्टही त्यातलाच. तीन पुरले असते. मीही राहू का गं तुझ्याकडे थोडे दिवस? गाडीत झोपेन, जिने चढेन, भाऊजींना मदत करेन. आई म्हणते, यात विचारायचं काय. पण तू मोठी आहेस, म्हणून विचारतो. उत्तर फोनवर देऊ नकोस, दारातच दे. माझी पेटी आईच्या पेटीखाली ठेवली आहे.